मागचे एअर सस्पेन्शन न काढता लेक्सस जीएक्स ४७० उंच करता येईल का?

डेन्व्हरकर

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची लेक्सस जीएक्स ४७० आहे. गाडीत केडीएसएस (वळणावर गाडीचा झुकाव रोखणारी हायड्रॉलिक यंत्रणा) नाही. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे हवेवर चालणारे मूळ सस्पेन्शन आहे. उन्हाळ्यात आम्ही कोलोरॅडोतील डोंगरी कच्च्या रस्त्यांवर जातो. गेल्या उन्हाळ्यात इमोजीन खिंडीच्या वाटेवर गाडीचे पोट दोनतीन ठिकाणी दगडांना घासले, तेव्हापासून गाडी थोडी उंच करून घ्यावी असे मनात आहे. टायर मूळ मापाचे, म्हणजे २६५/६५ आर १७ आहेत आणि ते बदलायला आलेलेच आहेत.

अडचण मागच्या बाजूची आहे. इथल्या एका गॅरेजमध्ये विचारणा केली असता, "एअर सस्पेन्शन काढून टाका, कॉइल बसवा, त्याशिवाय आम्ही काम घेत नाही," असे सांगण्यात आले. मला मात्र ते काढायचे नाही. वर्षातून काही महिने आई-वडील साताऱ्याहून येऊन राहतात, त्यांना चढता-उतरताना गाडी मागून खाली करता येते ही सोय मोठी आहे. शिवाय अधूनमधून छोटा कॅम्पिंग ट्रेलर ओढतो, त्या वेळी गाडी आपोआप समपातळीत राहते. इंटरनेटवर काही जण म्हणतात की मागचा उंची मोजणारा सेन्सर थोडा सरकवला की काम झाले, तर काही जण एअर स्प्रिंगखाली स्पेसर घालायला सांगतात. या दोन्हींत नेमका फरक काय, आणि मागची बाजू किती उंच करणे शहाणपणाचे ठरेल, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.


पानापकड (फिनिक्स)

डेन्व्हरकर, तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर "होय, करता येते" असे आहे, परंतु सेन्सर आणि स्पेसर हे एकाच कामाचे दोन पर्याय आहेत असे समजू नका. सेन्सर फक्त माहिती देतो. चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यातील अंतर किती आहे हे तो संगणकाला कळवतो, आणि ते अंतर ठरलेल्यापेक्षा कमी वाटले की संगणक कॉम्प्रेसर चालवून हवा भरतो, जास्त वाटले की हवा सोडतो. सेन्सर सरकवणे म्हणजे संगणकाची फसवणूक करणे होय. गाडी प्रत्यक्षात योग्य उंचीवर असताना ती खाली बसली आहे असे त्याला वाटते आणि तो हवा भरत राहतो. गाडी उंच होते हे खरे, पण ती उंची एअर स्प्रिंग ताणून मिळालेली असते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सेन्सर सरकवल्यावर गाडी कडक चालते ती स्प्रिंगमध्ये दाब वाढल्यामुळे, असे लोक सांगतात. वजन तेच असेल आणि स्प्रिंगचे वजन पेलणारे क्षेत्रफळ फारसे बदलले नसेल, तर दाबही जवळजवळ तोच राहतो, कारण दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. स्प्रिंग अगदी टोकापर्यंत ताणली तर गोष्ट वेगळी. दणके बसण्याचे मुख्य कारण शॉक ॲब्सॉर्बर हे आहे. मूळ शॉकची लांबी ठरावीक असते. गाडी दोन इंच वर उचललीत म्हणजे चाकाला खाली जाण्यासाठी जी जागा होती तीतील दोन इंच तुम्ही उभ्या गाडीतच खर्च केलेत. मग छोट्याशा खड्ड्यात चाक खाली गेले की शॉक पूर्ण उघडून आतल्या आत ठोकर देतो. तो "ठक्" असा आवाज आणि धक्का लोकांना कडकपणा वाटतो. 'हाय', म्हणजे सर्वांत उंच स्थितीत तर ही यंत्रणा मूळ गाडीतच स्प्रिंग बरीच ताणते, त्यामुळे सेन्सर सरकवलेल्या गाडीत ती स्थिती जवळपास निरुपयोगी होते.

स्पेसरचे तत्त्व वेगळे आहे. स्पेसर एअर स्प्रिंग आणि तिची बैठक यांच्यामध्ये बसतो, म्हणून स्प्रिंग तिच्या मूळ लांबीवरच काम करते आणि उंची स्पेसरमुळे मिळते. मात्र स्पेसर घातल्यावरही सेन्सरला हात लावावाच लागतो, नाहीतर संगणकाला गाडी उंच दिसेल आणि तो हवा सोडून तिला पूर्वीच्या उंचीवर आणून ठेवेल. पैसे खर्चून स्पेसर बसवले आणि गाडी तसूभरही वर आली नाही, अशी तक्रार करणारे लोक हाच भाग विसरलेले असतात. थोडक्यात, स्पेसर उंची देतो आणि सेन्सरची दुरुस्ती ती उंची संगणकाला मान्य करायला लावते. या क्रमानेच विचार करा.

किती उंच करावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जीएक्स कारखान्यातून येते तेव्हाच मागून किंचित उंच आणि पुढून खाली असते. पुढे दोन ते अडीच इंच आणि मागे एक, फार तर दीड इंच, एवढ्यात गाडी समपातळीत दिसते आणि ट्रेलर जोडल्यावरही नीट बसते. पुढे तीन इंचांच्या वर गेलात की पुढच्या चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचे कोन तीव्र होतात, रबरी बूट लवकर फाटतात, आणि तुम्ही ज्या रस्त्यांवर जाता तेथे त्याची गरजही नाही. २६५/७० आर १७ टायर घेतलात तर व्यास ३०.६ इंचांवरून ३१.६ इंचांवर जातो, म्हणजे आणखी अर्धा इंच उंची मिळते. विशेष म्हणजे ॲक्सलच्या गोळ्याखालची (डिफरन्शियलखालची) जागा फक्त टायरनेच वाढते, सस्पेन्शन कितीही उचलले तरी मागचा अखंड ॲक्सल जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो.

पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला संच बदलणे हा सरळ मार्ग आहे. उंची वाढली की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग भरकटल्यासारखे वाटते, म्हणून वरचे कंट्रोल आर्म कॅस्टर वाढवून देणारे घ्यावेत आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, त्यामुळे खालच्या आर्मचे, अलाइनमेंट जुळवण्याचे कॅम बोल्ट गंजून जाम झालेले असण्याची शक्यता दाट आहे. अलाइनमेंटची वेळ घेण्यापूर्वीच ते सुटतात की नाही हे पाहून घ्या. मूळ शॉक काढले की त्या चाकांपुरती एव्हीएस, म्हणजे बटणाने शॉकचा मऊ-कडकपणा बदलण्याची सोय जाते, याचीही मनाची तयारी ठेवा.


कडेलोट (ब्रिस्बेन)

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात याच घराण्यातील प्राडो १५० चे काकाडू हे मॉडेल मिळत असे आणि त्यालाही मागे एअर सस्पेन्शन होते, म्हणून लिहितो. पानापकड यांनी सांगितलेल्यात एका गोष्टीची भर घालणे आवश्यक वाटते, ती म्हणजे सेन्सरच्या दांडीची.

सेन्सर चासीवर असतो. त्याला एक छोटा हात असतो आणि त्या हातापासून खाली एक दांडी जाते, जिच्या दोन्ही टोकांना लहानसे बॉल जॉइंट असतात. चाक खाली-वर झाले की हात फिरतो. लांब शॉक बसवल्यावर चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लटकू शकते आणि मग हा हात व दांडी एका सरळ रेषेत येण्याच्याही पुढे जाऊन उलट बाजूला वळू शकतात. आमच्या गटातील एका गाडीचे मागचे चाक ओढ्याच्या काठावर हवेत लटकले असताना हेच घडले. चाक पुन्हा जमिनीवर आले तरी हात उलटाच राहिला, आणि संगणकाला चुकीची उंची कळत राहिल्याने त्या बाजूची हवा सुटत गेली. गाडी एका कुशीवर कलली. चालकाला वाटले एअर स्प्रिंगच फाटली. प्रत्यक्षात खाली वाकून हाताने सेन्सरचा हात सरळ केला आणि इंजिन चालू ठेवले तेव्हा काही मिनिटांत गाडी पूर्ववत झाली. म्हणून काम झाल्यावर दोन्ही चाके पूर्ण लटकवून या हाताचा कोन डोळ्यांनी पाहणे फार गरजेचे आहे. हात व दांडी एका रेषेत येण्याच्या बरेच आधी शॉकने चाक थांबवले पाहिजे.

दुसरे असे की हे बॉल जॉइंट जुन्या गाडीत गंजून घट्ट झालेले असतात. अशा दांडीवर जोर दिला की सेन्सरचा हातच तुटतो, आणि सेन्सर दांडीपेक्षा कितीतरी महाग आहे. दांड्या नव्याच घ्या, त्यातही दोन्ही टोकांना आटे असलेल्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या घ्या.

कायद्याबाबत तुम्हाला तुमच्या राज्याचे नियम पाहावे लागतील. आमच्या क्वीन्सलँडमध्ये सस्पेन्शनने ५० मिलिमीटर आणि टायरने २५ मिलिमीटर, अशी एकूण ७५ मिलिमीटरपर्यंतची वाढ अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालते, आणि वाळूत व जंगलात फिरणाऱ्या बहुतेकांना त्याहून जास्त उंचीची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.


भारवाहक (साल्ट लेक सिटी)

थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व. माझीही जीएक्स ४७० च आहे आणि मी मागे कॉइल बसवून घेतल्या. गॅरेजवाल्याचा सल्ला तुम्हाला आळशीपणाचा वाटला असेल, पण त्यामागे कारण आहे. २००८ च्या गाडीतील एअर स्प्रिंग मूळच्याच असतील तर त्यांचे रबर म्हातारे झाले आहे. रबर जेथे दुमडते त्या घडीत बारीक चिरा पडतात, तेथून हवा झिरपते, मग कॉम्प्रेसर वारंवार चालतो, आणि एक दिवस तोही बसतो. गळती स्प्रिंगची आणि बळी कॉम्प्रेसरचा, असा हा मामला आहे. वस्तीपासून दूर, मोबाइलला सिग्नल नसलेल्या ठिकाणी गाडीची मागची बाजू बंप स्टॉपवर (चाक पूर्ण वर गेल्यावर ॲक्सलला थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकली तर परतीचा प्रवास फार वाईट होतो. कॉइल तुटल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

कॉइल बसवल्यानंतर उंची-नियंत्रणाची यंत्रणा बंद करावी लागते, आणि रिकामी गाडी मागून थोडी उडते, हे मान्य करतो. पण माझ्या गाडीत मागे पोलादी बंपर, लाकडी कप्पे आणि टपावर तंबू हे सामान बारमाही असते, त्यामुळे त्या वजनाच्या हिशेबाने निवडलेल्या कॉइलवर गाडी उत्तम चालते.


पानापकड (फिनिक्स)

भारवाहक यांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते अगदी रास्त आहे. ज्या गाडीत वजन कायमचे आहे तिला कॉइल योग्य, कारण त्या वजनासाठी नेमकी स्प्रिंग निवडता येते. ज्या गाडीत आज दोन माणसे आणि उद्या पाच माणसे, सामान व ट्रेलर असा फरक पडतो, तिच्यासाठी मात्र कॉइलची निवड नेहमीच तडजोड असते. रिकाम्या गाडीला योग्य अशी कॉइल ट्रेलर जोडल्यावर बसते आणि ट्रेलरला योग्य अशी कॉइल रिकाम्या गाडीत दगडासारखी लागते. डेन्व्हरकरांचा वापर दुसऱ्या प्रकारचा आहे, शिवाय घरातील वडीलधाऱ्यांच्या सोयीचा मुद्दा त्यांनी मांडलाच आहे.

वयाचा मुद्दा मात्र निर्विवाद आहे. आधी गळती तपासा. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रात्री व सकाळी मोजा. स्प्रिंगच्या घडीवर आणि हवेच्या नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येतात का ते पाहा. एक सूचना करून ठेवतो, ही चाचणी कडाक्याच्या थंडीत करू नका. २० अंश सेल्सिअसच्या गॅरेजमधून गाडी उणे २० अंशांत नेऊन उभी केली तर आतल्या हवेचे आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी घटते, आणि कोठेही गळती नसताना गाडी सकाळी खाली बसलेली दिसते. रबर चिरलेले दिसले तर स्पेसरसोबतच नव्या एअर स्प्रिंग घाला, कारण दोन्ही कामांना उघडावे लागणारे भाग तेच आहेत आणि मजुरी एकदाच लागते.

उंच डोंगरांवर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इमोजीन खिंड १३,११४ फुटांवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच असतो. कॉम्प्रेसर तीच विरळ हवा ओढतो, त्यामुळे गाडी वर यायला वेळ लागतो. खिंडीत पोहोचून वरखाली करत बसण्यापेक्षा पायथ्याशीच उंची ठरवून घ्यावी.


डेन्व्हरकर

सर्वांचे मनापासून आभार. सकाळ-संध्याकाळची मापे घेतली. डावी बाजू जागची हललेली नाही, उजवी मात्र रात्रीतून ठळकपणे खाली येते, आणि साबणाच्या पाण्यात वरच्या घडीवर बुडबुडे दिसले. तेव्हा दोन्ही एअर स्प्रिंग नव्या घालायच्या, आणि मागे एक इंचाचा स्पेसर, पुढे दोन इंच, असे ठरवतो आहे.

आता दोन शंका उरतात. मागचे शॉक किती लांब घ्यावेत? आणि बंप स्टॉपचे काय करावे? एका विक्रेत्याच्या वर्णनात बंप स्टॉपचा उल्लेखच नाही, तर दुसऱ्याच्या संचात त्यासाठी वेगळे तुकडे दिलेले आहेत.


पानापकड (फिनिक्स)

बंप स्टॉपचा तुकडा ज्या संचात आहे तोच घ्या. कारण सोपे आहे. मूळ गाडीत चाक पूर्ण वर गेले की ॲक्सल बंप स्टॉपला टेकतो, आणि त्या क्षणी एअर स्प्रिंग तिच्या सर्वांत लहान लांबीवर असते. तुम्ही २५ मिलिमीटरचा स्पेसर घातलात आणि बंप स्टॉप होता तेथेच ठेवलात, तर त्याच क्षणी स्प्रिंग आणखी २५ मिलिमीटर दाबली जाईल, कारण तेवढी जागा आता स्पेसरने व्यापली आहे. नवी स्प्रिंग पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चिरडली जाण्याचा हा हमखास मार्ग आहे. म्हणून स्पेसर जितका, तितकाच बंप स्टॉप खाली.

शॉकलाही हाच नियम लावा. पूर्ण उघडलेली लांबी मूळ शॉकपेक्षा २५ मिलिमीटर जास्त चालेल, त्याहून जास्त नको, कारण मागे चाकाचे खाली जाणे थांबवण्याचे काम शॉकच करतो आणि तो जास्त लांब असेल तर एअर स्प्रिंग तिच्या बैठकीतून ओढली जाईल. पूर्ण मिटलेली लांबीही २५ मिलिमीटरपर्यंत जास्त असलेली चालते, कारण बंप स्टॉप तेवढा खाली आलेला आहे. म्हणजे चाकाचा प्रवास पूर्वीइतकाच राहतो, फक्त तो सगळा २५ मिलिमीटरने खाली सरकतो. दुकानदार "दोन ते तीन इंच लिफ्टसाठी" असे लिहिलेले शॉक देऊ लागला तर त्या शब्दांवर विसंबू नका, मिलिमीटरमधील दोन्ही लांबी मागा.

सेन्सरची दांडी किती वाढवायची हे तिचे खालचे टोक ॲक्सलला धरणाऱ्या आर्मवर कोठे बसते यावर ठरते. ते आर्मच्या मध्याजवळ असेल तर ॲक्सल २५ मिलिमीटर खाली गेला तरी ते टोक निम्मेच खाली जाते, म्हणून दांडीही निम्मीच वाढवावी लागते. आधी कागदावर हिशेब करा, पण अखेरचा निर्णय टेपवर सोडा. दांडीच्या आट्यावर पांढऱ्या रंगाची खूण करा, थोडे फिरवा, इंजिन चालू करून गाडी स्थिर होऊ द्या, मोजा, मग पुन्हा फिरवा. डावी-उजवी बाजू स्वतंत्रपणे जुळवा, कारण एका बाजूला चार-पाच मिलिमीटरचा फरक राहिला तरी संगणक गाडी कायम तिरकी धरून ठेवतो.

काम सुरू करण्यापूर्वी उंची-नियंत्रण बंद करण्याचे बटण दाबा. ते विसरून गाडी चासीला जॅक लावून उचलली तर संगणक गाडी फार उंच झाली असे समजून हवा सोडतो, आणि नंतर गाडी खाली घेताना रिकामी स्प्रिंग वेडीवाकडी दुमडून तिथल्या तिथे कापली जाते. नव्या स्प्रिंग बसवल्यावर गाडीचे वजन त्यांच्यावर येण्यापूर्वी त्यांत थोडी हवा भरून घडी नीट गोल बसली आहे का हे हाताने चाचपून पाहा. चाके लटकलेली असतानाच मागच्या ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि ॲक्सलची हवा जाण्याची नळी यांपैकी काही ताणलेले नाही ना, हेही पाहून घ्या.

ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा मागचा आडवा रॉड बदलण्याच्या फंदात एवढ्या उंचीसाठी पडू नका. एक इंचाने ॲक्सल बाजूला सरकतो तो काही मिलिमीटरच, आणि ते चालवताना जाणवत नाही. दोन इंचांच्या पुढे गेलात तर लांबी जुळवता येणाऱ्या रॉडचा विचार करा.


कडेलोट (ब्रिस्बेन)

काम झाल्यावर गाडी रात्री एखाद्या भिंतीसमोर उभी करून पुढच्या दिव्यांचा झोत खाली घ्यायला विसरू नका. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली की झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. आणि हे जुळवताना मागची उंची 'नॉर्मल'वर ठेवा, कारण आई-वडिलांना उतरवून गाडी 'लो'वरच राहिली असेल तर दिवे चुकीच्या पातळीवर जुळवले जातील.


डेन्व्हरकर

आता सारे स्पष्ट झाले. बंप स्टॉपच्या तुकड्यांसह असलेला संच, दोन नव्या एअर स्प्रिंग आणि आट्याच्या दांड्या मागवल्या आहेत. शॉकच्या उघडलेल्या आणि मिटलेल्या लांबीची मिलिमीटरमधील मापे विक्रेत्याला लेखी विचारली आहेत, ती आली की मूळ शॉकच्या मापांशेजारी येथेच टाकतो. शॉकची मागणी नोंदवण्यापूर्वी पानापकड यांनी एकदा नजर घातली तर बरे होईल.